न मारलेली हाक

दहाच्या चहाला मिसाओने पेपर उघडला आणि लगेच मिटला, तेव्हाच किनुएच्या मनात पाल चुकचुकली.

गाबोळी, म्हणजे माशांची अंडी, निवडण्याच्या त्या शेडमध्ये सोमवारचा चहा म्हणजे तामेओच्या कवितेचा चहा, असं गेली दोन वर्षं ठरूनच गेलं होतं. सोमवारी पेपरात वाचकांच्या तांका यायच्या, पाच ओळींच्या छोट्या कविता. चार-सहा आठवड्यांतून एकदा त्यांत 'कुशिरो, नारिता तामेओ' असं गाव आणि नाव असायचं. मग मिसाओ, शेडमधली सगळ्यांत जुनी बाई, चष्मा नाकावर चढवून ती मोठ्याने वाचायची. तामेओ म्हणजे किनुएचा नवरा. पंधराव्या वर्षी बोटीवर चढलेला, जाळं ओढायच्या यंत्रात डाव्या हाताची दोन बोटं गमावलेला, बोटी भंगारात गेल्यावर दारूत बुडून तळाला लागलेला आणि आठ वर्षांपूर्वी कसाबसा वर आलेला माणूस. त्याच्या कवितांत फुलं नव्हती की चंद्र नव्हता. ओकारी होती, ओली झालेली विजार होती, बर्फात पडलेल्या दारुड्याला ओलांडून जाणारे शेजारी होते. बायका ऐकून आधी गप्प व्हायच्या, मग कोणीतरी म्हणायचं, "किनुए-सान, तुमच्या नवऱ्याला लाज म्हणून नाही बाई," आणि सगळ्या हसायच्या. त्या हसण्यात कौतुक असायचं. किनुएही हसायची. निघत होती ती नवऱ्याची लाज, तिची नव्हे.

"आज नाही आलेली," मिसाओ म्हणाली आणि तिने पेपर मांडीखाली सारला.

"द्या इकडे."

"नाही म्हटलं ना. चहा घे, निवतोय."

किनुएने पुढे केलेला हात तसाच ठेवला. शेवटी मिसाओने पेपर काढून दिला आणि स्वतः शेगडीकडे तोंड करून बसली.

कविता सगळ्यांत वर होती.

*सकाळी सहा.*
*औषधाच्या मापात बायको*
*दारू ओतते.*
*माझे हात थांबेपर्यंत*
*भिंतीकडे बघत राहते.*

खाली निवड करणाऱ्यांचा शेरा होता : 'हे प्रेम की क्रौर्य, ते कवीने सांगितलेले नाही. म्हणूनच पहिली निवड.'

किनुएने ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. कोणीतरी थंडगार पाण्याची बादली डोक्यावर उपडी करावी तसं झालं, आणि त्या पाण्यात सगळ्या बायका आपल्याकडे बघत आहेत हे तिला न बघताच कळलं.

कारण ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. खोकल्याच्या औषधाचं ते प्लास्टिकचं माप, तो पीत होता तेव्हा, तिने सात वर्षं ताटाळ्याच्या मागे लपवून ठेवलं होतं. सकाळी तामेओचे हात असे थरथरायचे की त्याला बुटाच्या नाड्या बांधता येत नसत, आणि कामावर गेला नाही तर मासळीबाजारातलं टोपल्या धुण्याचं कामही जाणार होतं. मग ती मापून द्यायची. दोन मापं. एवढ्याने हात थांबायचे आणि तो निघायचा. संध्याकाळी तो आपली आपण प्यायचा ते वेगळं.

पण दारूमुक्ती मंडळात, जिथे दर बुधवारी दारुडे आणि त्यांच्या बायका खुर्च्यांचा गोल करून बसत, तिथे आठ वर्षं तिने वेगळंच सांगितलं होतं. "मी बाटल्या मोरीत ओतून द्यायची," ती म्हणायची. "एक थेंब घरात टिकू दिला नाही." नव्या आलेल्या बायका तिचे हात हातात घेऊन रडायच्या. मंडळाचे म्हातारे प्रमुख तिचं उदाहरण द्यायचे.

घंटा झाली. सगळ्या उठल्या, रबरी हातमोजे चढवले. त्या दिवशी किनुएच्या हातून चौदा गाबोळ्या फाटल्या. देखरेखीवरच्या बाईने त्या मुकाट्याने दुसऱ्या टोपलीत टाकल्या. तिने खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी आली तेव्हा तामेओ मुळा किसत बसला होता. तीन बोटांच्या हाताने मुळा घट्ट धरून तो किसायचा, आणि किसणीकडे असं बघायचा की जणू ती आता पळून जाणार आहे.

"वाचलीत तुम्ही?" तिने विचारलं.

"छापून आली होय? आज येणार हे ध्यानातच नव्हतं."

"ध्यानात नव्हतं."

"खोटं लिहिलंय का काही?"

"खरं आहे म्हणून काय चव्हाट्यावर मांडायचं? तुमची घाण तुम्ही मांडलीत, मी कधी बोलले? पण ते माप माझ्या हातात होतं."

तामेओने किसणी खाली ठेवली. "अगं, मी माझंच लिहायला बसलो होतो. माझ्यात तू येतेस त्याला मी काय करू?"

"मला वगळायचं."

"वगळलं की ते खोटं होतं. आणि मी खोटं बोललो की पितो. तुला ठाऊक आहे." हे तो बचाव म्हणून बोलत नव्हता. गुडघा दुखतोय हे सांगावं तसं बोलत होता.

"दारू सुटली तुमची," किनुए म्हणाली, "आणि खरं बोलायचं व्यसन लागलं. त्या व्यसनाचं मंडळ कुठे असतं ते जरा सांगा, तिथेही येऊन बसते."

त्या रात्री दोघं मिसोचं सार प्यायली, मुळा मात्र तसाच राहिला.

बुधवारी तो मंडळात एकटाच गेला. आठ वर्षांत पहिल्यांदा ती गेली नाही. दार सरकल्याचा आवाज झाला, त्याची पावलं बर्फावर करकरत लांब गेली, आणि किनुएला एकाएकी वाटलं की आपण ज्या माणसाबरोबर सव्वीस वर्षं राहतोय त्याच्याजवळ आपलं आणखी काय काय आहे, ते एकदा बघायला हवं.

वह्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. त्याने लपवल्या नव्हत्या, कुलूपही लावलं नव्हतं, पण तिने त्यांना कधी हात लावला नव्हता. पोरांच्या शाळेतल्या असतात तशा सात वह्या, मोठ्या चौकोनांच्या. तामेओचं शिक्षण नववीपर्यंतचं, अक्षर खिळे ठोकल्यासारखं. मंडळाच्या प्रमुखांनी त्याला सुरुवातीला सांगितलं होतं की जे तोंडाने निघत नाही ते कागदावर ओत. मग तो ओतत गेला होता. पेपरात पाठवलेल्या कवितांवर तो लाल पेन्सिलीने गोल काढायचा.

पहिल्या वहीत बोट होती. बर्फ साचून डोलकाठी जड होते, ती फोडायला रात्रभर लाकडी मोगरी घेऊन उभं राहायचं. हात बधिर होऊ नयेत म्हणून मुकादम तोंडात दारू ओततो, पंधरा वर्षांच्या पोराच्याही. यंत्रात गेलेली बोटं बर्फावर पडलेली, आणि पोराला वाटतं की उचलून खिशात ठेवावीत. दुसरीत बोट भंगारात निघाली होती. तिसरीत आईच्या मयताला तो पिऊन गेला होता आणि धूपपात्रावर पडला होता. त्या दिवशी ती तिथेच होती, तिनेच त्याला उठवलं होतं. पण त्याला ते आठवत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिचं शिलाईयंत्र विकून तो प्याला होता, ते होतं. यंत्राखालच्या कप्प्यात लेकीचा, चिहारुचा, अर्धा शिवलेला झगा तसाच राहिला होता आणि तोही यंत्राबरोबर गेला, हेसुद्धा होतं.

सगळं होतं. हा माणूस शुद्धीत नव्हता असं समजून तिने स्वतःची समजूत घातली होती, आणि त्याला तर सगळं दिसत होतं. किनुएला आधी त्याचीच भीती वाटली.

मग सातव्या वहीत, शेवटून चौथ्या पानावर, लाल गोलात तिला हे दिसलं :

*धक्क्याच्या टोकाला*
*पाठीवर लेक बांधून*
*ती उभी होती.*
*पाहिलं. हाक नाही मारली.*
*वळलो, गुत्त्यात शिरलो.*

वही तिच्या हातातून पडली नाही. तिने ती चटईवर नीट ठेवली, शेगडी बारीक केली, उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला. परत येऊन बसली. ओळी तिथेच होत्या.

तो अठ्ठ्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. दुपारचे चार वाजले असतील, उजेड संपत आला होता. तामेओची बोट भंगारात निघून सात महिने झाले होते आणि तो तीन दिवस घरी आला नव्हता. चिहारुला पाठीवर बांधून, वरून कापूस भरलेला मोठा कोट घालून ती बाहेर पडली ती कुठे जायचं हे न ठरवता. धक्का संपला तिथे थांबली. खाली पाण्यावर बर्फाचे पातळ तुकडे एकमेकांवर घासत होते. किती वेळ उभी होती, देव जाणे. मग पाठीवरून आवाज आला, "आई, नाक." मुलीचं नाक गळत होतं. किनुएचा हात सवयीने कोटाच्या खिशात गेला, रुमाल काढला, मागे वळवून नाक पुसलं. पुसता पुसता तिला आठवलं की भात टाकायचा राहिलाय. आणि ती परत निघाली. बस, एवढंच. हे तिने आईला सांगितलं नाही, मंडळात सांगितलं नाही, देव्हाऱ्यापुढे बसूनही कधी शब्दांत आणलं नाही.

त्या रात्री तामेओ आला होता. उंबऱ्याशी काढलेले दोन बूटजोड त्याने पाहिले, तिचे आणि चिहारुचे छोटे तांबडे, आणि तिथेच बसकण मारून तो हसत सुटला. हसता हसता खोकला. ते हसणं तिने एकोणीस वर्षं माफ केलं नव्हतं.

तो परतला तेव्हा वही उघडी होती. त्याने कोट काढला, बघितलं, आणि बैठ्या टेबलाच्या पलीकडे गुडघे मोडून बसला, मंडळात बसतो तसा.

"पाठवलीत," ती म्हणाली.

"हो."

"छापणार?"

"परवा पेपरातून फोन आला होता, नाव कुठल्या चित्राक्षरांनी लिहितो विचारायला. येत्या सोमवारी. लागोपाठ दुसऱ्यांदा पहिली निवड आहे म्हणाले."

"तुम्ही कुठे होतात?"

"बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला. लघवीला उभा होतो. तू पुढून गेलीस. तुला मी दिसलो नाही. कोट ओळखला मी. मागोमाग आलो थोडा."

"का नाही हाक मारली?"

तामेओने हातावर जिथे बोटं नव्हती तिथे अंगठा फिरवला.

"चिहारुची आई, हे मी मंडळातही सांगितलेलं नाही."

"मला सांगा."

"मला वाटलं, बरं झालं. आता घरी कोणी वाट बघणार नाही. आता मी निवांत पिईन." त्याचा आवाज चढलाही नाही, फाटलाही नाही. "तेवढंच वाटलं. वाईट मागाहून वाटलं, पोट भरल्यावर. मग घरी आलो तर बूट होते."

किनुएला वाटलं होतं की आता आपण ओरडू, किंवा शेगडीवरची किटली उचलून फेकू. यांतलं काहीच झालं नाही. तिच्या तोंडून जे निघालं त्याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"मग हे यात कुठे आहे?" तिने वहीवर बोट ठेवलं.

"काय?"

"बरं वाटलं ते. 'हाक नाही मारली' म्हणून थांबलात. वाचणाऱ्याला वाटेल बिचारा घाबरला, बिचारा लाजला. तुम्हाला तर बरं वाटलं होतं. ही कविता अर्धीच खरी आहे."

तामेओने वही स्वतःकडे वळवली.

"आणि मी परत आले ते कुठे आहे? मुलीचं नाक पुसून, घरी येऊन मी भात टाकला. तुम्हीच खाल्लात तो. तुमच्या कवितेत मी अजून तिथेच उभी आहे. एकोणीस वर्षं उभी ठेवलीत तुम्ही मला त्या थंडीत."

तो असा बसला होता, जणू कोणी त्याच्या छातीवर लाथ मारली होती. मंडळातल्या माणसांनी त्याला शिव्या दिल्या होत्या, भाऊ थुंकला होता, मुकादमाने बदडलं होतं. पण त्याच्या कवितेला खोटी कोणी म्हटलं नव्हतं.

"उद्या फोन करतो," तो अखेर म्हणाला. "काढून घेतो."

"आधी चिहारुला सांगते," किनुए म्हणाली. "तिच्या ओबिहिरो गावातही हा पेपर जातो. तिने तो बेकरीत गिऱ्हाइकाच्या हातात बघायला नको."

फोन घरातल्या बोळात होता. ती थंडीत उभी राहून बोलली. चिहारु बावीस वर्षांची, पहाटे तीनला उठून पाव भाजणारी, झोपायच्या तयारीत होती.

"काय गं आई, बाबांनी परत सुरू केली का?" तिने पहिलं हेच विचारलं.

"नाही. ऐक जरा."

किनुएने सांगितलं. कुठेही न थांबता, हवामान सांगतात तसं.

"मी पाठीवर होते?" चिहारुने विचारलं.

"हो."

"म्हणजे मलाही घेऊन."

किनुएने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि बाबा बघत होते."

"हो."

"मी करते नंतर फोन," चिहारु म्हणाली, आणि इतक्या हळू फोन ठेवला की किनुए काही क्षण तशीच कानाला लावून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तामेओ जेवणाच्या सुट्टीत बाजारातून धावत घरी आला, पेपरात फोन करून कविता काढून घेऊ का, हे तिला विचारायला. त्याने असं कधी काही विचारलं नव्हतं. "जिच्यापासून लपवायचं होतं तिला सांगून झालं," किनुए म्हणाली. "आता कोणापासून काढून घेता? राहू दे." तिला वाटलं होतं हे बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

सोमवारी ती शेडमध्ये आली ती मान खाली घालूनच. दहाला चहा आला. मिसाओने पेपर उघडला, चष्मा चढवला, आणि या वेळी मिटला नाही. वर बघून तिने किनुएला विचारलं, "वाचू?"

"वाचा."

मिसाओने पाचही ओळी वाचल्या, सावकाश, जणू वजन करून एकेक टोपलीत टाकाव्यात तशा. नाव वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसावा तसा कामाच्या एप्रनला पुसला आणि पेपर मांडीवर ठेवला.

किनुएने मान वर केली, जे काही ऐकायचं ते ऐकून घ्यावं म्हणून.

"माझा डिसेंबर होता," मिसाओ म्हणाली.

किनुएला आधी कळलंच नाही.

"धक्का नव्हे. बाजाराच्या मागे, जिथे पूर्वी कोळशाच्या होड्या लागायच्या तिथे. दोन्ही पोरं होती. एक पाठीवर, एक हाताला. हाताला होता तो म्हणाला, आई, इथे वास येतो." मिसाओने चहाचा घोट घेतला. "तो आता पोस्टात आहे."

"मिसाओ-सान, काय बोलताय तुम्ही हे," कोणीतरी कोपऱ्यातून पुटपुटलं.

"बोलतेय ते बोलतेय."

पुढच्या बाकावर सेत्सु बसली होती, तिशीतली, नखरेल, रोज ओठ रंगवून येणारी. ती एकाएकी उठली आणि मोरीकडे जाऊन नळाखाली हात धरून उभी राहिली. हातमोजे न काढताच. तिची पाठ हलत होती. तिच्याजवळ कोणी गेलं नाही, आणि तिला कोणी काही विचारलंही नाही.

बावीस वर्षं ती या बायकांच्या शेजारी गाबोळी निवडत होती. कोणाची सासू कशी, कोणाचं दात दुखणं, कोणाच्या पोराचे मार्क किती, सगळं तिला तोंडपाठ होतं. आणि यांतलं काहीच माहीत नव्हतं. आपण एकट्याच त्या पाण्यापाशी जाऊन आलो, हे ओझं तिने कधी हातातून खाली ठेवलं नव्हतं. तिला दिलासा वाटायला हवा होता, पण तिला वाटली ती नुसती धडकी. या गावात किती जणी आल्या असतील परत. आणि किती जणी आल्या नसतील, ज्यांच्याबद्दल पाय घसरला म्हणून सांगतात.

घंटा झाली. सगळ्या उठल्या.

त्या बुधवारी ती मंडळात गेली. तिची पाळी आल्यावर उभी राहून म्हणाली, "मी बाटल्या ओतून देत नव्हते. मी मापून देत होते." म्हाताऱ्या प्रमुखांनी तिच्याकडे बघितलं, म्हणाले, "बसा नारिता-सान," आणि पुढच्याला बोलवलं. त्यानंतर त्यांनी तिचं उदाहरण दिलं नाही. दोन बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिसरी मात्र घरापर्यंत तिच्याबरोबर चालत आली.

तामेओने महिनाभर काही लिहिलं नाही. तो पिईल की काय म्हणून किनुए रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची, उघडपणे, आणि तो घेऊ द्यायचा. मग तो पुन्हा लिहू लागला. आता पाठवण्याआधी तो वही टेबलावर तिच्यासमोर सरकवायचा. ती वाचायची. कधी नुसती मान हलवायची, कधी म्हणायची, "ही अर्धी आहे," आणि तो निमूटपणे पान फाडायचा. तिने त्याला माफ केलं होतं असं नाही. तिने कधी तसं म्हटलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. आपलं अंथरूण मात्र तिने चिहारुच्या जुन्या खोलीत हलवलं होतं ते तिथेच राहिलं.

चिहारुचा फोन आला तो एप्रिलच्या शेवटी. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून वितळत होता. किनुएने उचलला.

"आई, बरी आहेस?"

"आहे. तू?"

"मीही. बाबा आहेत का? त्यांना दे."

मुलीने आजवर कधी बापाला फोनवर बोलावलं नव्हतं. तामेओ बोळात आला, दोन्ही हातांनी फोन धरला. किनुए दाराआड उभी राहिली. पलीकडून चिहारु बोलत होती, बराच वेळ, पण शब्द ऐकू येत नव्हते. तामेओ चार वेळा "हो" म्हणाला. एकदा "नाही" म्हणाला. शेवटी त्याने फोन ठेवला, भिंतीला टेकला, आणि हळूहळू खाली सरकत फरशीवर बसला.

"काय म्हणाली?"

त्याने मान हलवली.

"अहो, काय म्हणाली ती?"

"ते तिचं आहे," तामेओ म्हणाला.

पुढचे कित्येक आठवडे तो कामावर गेला की किनुए बिस्किटांचा डबा उघडायची आणि वही पानापानाने बघायची. धुक्यातला भोंगा होता, टोपल्या होत्या, तिने बदललेली खोलीसुद्धा होती. त्या फोनची एक ओळही कुठे नव्हती.